दाब उतरल्यावर हृदयाचा स्नायू किती सावरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाधमनीची अरुंद झालेली झडप बदलून रुग्ण घरी जातो. दोन-तीन महिन्यांनी मुलगा किंवा सून इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट पाठवते आणि खाली एकच ओळ असते, ‘भिंती अजून जाडच दिसतायत, आता काय?’ त्या एका ओळीची जितकी रूपं आजवर आली, ती इथे एकत्र केली आहेत. झडप ठणठणीत, पण बीपीमुळे हृदय जाड झालंय अशांनी आधी प्रश्न १ आणि २ वाचून थेट १२ वर जावं. उत्तरं सर्वसाधारण आहेत. यावरून गोळ्यांचा डोस बदलू नका.

१. ‘हृदयावर प्रेशर आलंय’ असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे टेन्शन घेतल्यामुळे का?

नाही. इथे प्रेशर म्हणजे रक्त बाहेर ढकलताना हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला लावावा लागणारा जास्तीचा जोर. या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं आणि वाटेत एओर्टिक झडप असते. निरोगी झडप उघडली की ३ ते ४ चौरस सें.मी.ची वाट मिळते. वयानुसार कॅल्शियम साचून, संधिवाताच्या तापामुळे, किंवा जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असल्यामुळे (शंभरात एखाद-दुसऱ्याला असतात) ही वाट आकसत जाते. ती १ चौ. सें.मी.च्या आत आली की आजार तीव्र धरतात.

समजा, बाहेर तुमचं वरचं बीपी १२० आहे आणि झडपेवर ६० चा फरक पडतोय. इकोत त्याला ग्रेडियंट म्हणतात. मग कप्प्याला आत १८० चा दाब तयार करावा लागतो, तोही दिवसाला लाखभर वेळा. दंडाला बांधलेल्या बीपीच्या पट्ट्याला यातलं काहीच कळत नाही. म्हणून ‘आमचं बीपी तर कायम नॉर्मल होतं’ हे वाक्य या आजारात वारंवार ऐकू येतं.

२. स्नायू जाड झाला म्हणजे ताकद वाढली ना? मग ते वाईट कसं?

सुरुवातीला ती तडजोड शहाणपणाचीच असते. भिंतीवरचा ताण हा आतला दाब गुणिले कप्प्याची त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट, असा निघतो. दाब वाढला की ताण पूर्ववत ठेवायला जाडी वाढवणं हा एकच उपाय स्नायूच्या हातात असतो. पेशी लांब न होता रुंद होतात, भिंत आतल्या बाजूला भरते.

पण पेशी जाड होतात त्या वेगानं त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या वाढत नाहीत. म्हणून अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नसताना छातीत दुखू शकतं. जाड भिंत सैल पडायला वेळ घेते, त्यामुळे कप्पा नीट भरत नाही आणि मागे फुप्फुसांत दाब साठतो. शिवाय पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजनचे धागे वाढतात, काही पेशी मरतात आणि तिथे व्रण राहतो. पैलवानाच्या हृदयाशी याची तुलना नको. पैलवान आखाड्यातून बाहेर आला की त्याच्या हृदयाला विसावा मिळतो. या हृदयाला झोपेतही मिळत नाही.

३. झडप बदलल्यावर जाडी किती दिवसांत उतरते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि याला एक आकडा नाही, चार आकडे आहेत. कारण हृदयात सुधारणाऱ्या गोष्टी चार आहेत आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं.

दाब उतरतो तो त्याच क्षणी. टावी (छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीनं नवी झडप बसवणं) करताना पडद्यावर हे डोळ्यांनी दिसतं. नवी झडप उघडते आणि कप्प्यातला व महाधमनीतला दाब दाखवणाऱ्या दोन रेषा, ज्यांत आधी मोठी फट होती, जवळजवळ एकमेकींवर येऊन बसतात.

स्नायूपेशी बारीक व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. उताराचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांतच होतो. वर्षभरात डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्यानं कमी होतं. पुढेही उतरत राहतं, पण संथ.

पेशींमधलं कोलॅजन त्याहून सावकाश विरघळतं. झुरिचच्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये एक विलक्षण चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. झडप बदलण्याआधी, दीडेक वर्षानं आणि पुन्हा सहाएक वर्षांनी त्यांनी रुग्णांच्या हृदयाचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दीड वर्षाला पेशी बारीक झाल्या होत्या, पण कोलॅजनचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. कोलॅजन नव्यानं तयार झालं होतं असं नाही. पेशी आकसल्या आणि मधले धागे तसेच राहिले, म्हणून त्यांचा वाटा वाढला. भरलेल्या पोत्यातलं धान्य कमी झालं तरी गोणपाट तेवढंच राहतं, तसं. पुढच्या काही वर्षांत ते प्रमाणही खाली आलं. पेशी मात्र सहा वर्षांनंतरही पूर्णपणे मूळ मापाला पोचल्या नव्हत्या.

चौथी गोष्ट म्हणजे व्रण. त्याचं घड्याळ बंद असतं. त्याबद्दल प्रश्न ८.

४. जाडी उतरते म्हणजे पेशी मरतात का? आणि मेलेल्यांच्या जागी नव्या येतात का?

जाडी उतरताना पेशी मरत नाहीत, बारीक होतात. पेशीतलं जास्तीचं प्रथिन पेशी स्वतःच मोडून वापरते. प्लास्टरमधून काढलेला पाय बारीक दिसतो, तिथेही पेशींची संख्या तीच असते.

नव्या पेशी येतात, पण नाममात्र. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे मोजलं, आणि त्यांची युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शीतयुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, मग तो कमी होत गेला. पेशीच्या डीएनएत कोणत्या काळचा कार्बन आहे यावरून त्यांनी पेशीची जन्मतारीख काढली. निष्कर्ष असा, की पंचविशीत हृदयाच्या साधारण १ टक्का स्नायूपेशी वर्षाला बदलतात आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. एवढ्या भांडवलावर मोठा व्रण भरून निघत नाही.

५. बाबांच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, तरी इकोत ‘एल.व्ही.एच.’ लिहून आलंय. ऑपरेशन फसलं का?

नाही. तीन महिन्यांना एल.व्ही.एच., म्हणजे डाव्या कप्प्याची जाडी, जवळजवळ सगळ्यांच्या रिपोर्टवर असते. अनेकांच्या ती वर्षानंतरही असते. झडप कशी चालते हे पाहायचं असेल तर रिपोर्टमध्ये ‘मीन ग्रेडियंट’ शोधा. ऑपरेशनआधी तो ४० किंवा जास्त होता आणि आता १०-१२ च्या आसपास आहे, तर झडपेनं तिचं काम केलंय.

जाडीचे आकडे वाचताना एक गणित लक्षात ठेवा. इकोत स्नायूचं वजन थेट मोजत नाहीत. भिंतींची आणि कप्प्याची मापं घेऊन त्यांचा घन करतात. कप्पा ४५ मि.मी. आणि दोन्ही भिंती १४ मि.मी. असतील, तर वजन येतं २४८ ग्रॅम. भिंती १२ झाल्या की १९८. म्हणजे ‘फक्त दोनच मि.मी. कमी झाले’ असं ज्याला तुम्ही म्हणता, त्यात पाचवा हिस्सा स्नायू उतरलेला असतो.

याचीच दुसरी बाजू. मापणाऱ्याची रेघ एक मि.मी. इकडची तिकडे झाली, १२ च्या जागी १३ लिहिलं गेलं, की वजन २२३ ग्रॅमवर जातं. हृदयात काहीही न बदलता २५ ग्रॅम वाढले! मी वर्षानुवर्षं इको करतोय आणि मलाही ही एक मि.मी. दर वेळी सारखी पकडता येत नाही. म्हणून शक्यतो त्याच ठिकाणी इको करा, जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि दोन रिपोर्टांत एका मि.मी.चा फरक दिसला तर झोप घालवू नका. अचूक तुलना खरोखर हवी असेल तर कार्डियाक एमआरआय आहे, पण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

६. आईचं पंपिंग ३० टक्के आहे. झडप बदलल्यावर ते वाढेल का, की हृदय कायमचं गेलं?

पंपिंग म्हणजे कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा. तो कमी होण्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात स्नायू धडधाकट असतो, पण समोरचा अडथळा इतका मोठा की तो ढकलून ढकलून थकलेला असतो. बैल चांगला आहे, गाडीची चाकं रुतलीत. अडथळा दूर झाला की असं पंपिंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत वर येतं. ३० चं ५० झालेलं मी अनेकदा पाहिलंय. दुसऱ्या कारणात स्नायूच व्रणांनी पोखरलेला असतो, किंवा जुना हार्ट अटॅक असतो. तिथे सुधारणा अर्धवट राहते.

कोणतं कारण किती, हे आधी ओळखायला ग्रेडियंट मदत करतो. पंपिंग ३० असूनही ग्रेडियंट ५० असेल तर ती चांगली खूण, कारण एवढा दाब तयार करणारा स्नायू अजून जोमात आहे. पंपिंग ३० आणि ग्रेडियंट २०-२५ असेल तेव्हा कोडं पडतं. झडप खरंच तीव्र अरुंद आहे, की अशक्त हृदय तिला पूर्ण उघडूच शकत नाही? अशा वेळी डोब्युटामिन हे हृदयाला जोर देणारं औषध देऊन इको करतात. औषधानं प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त २० टक्के किंवा जास्त वाढलं, तर स्नायूत राखीव ताकद आहे असं धरतात. ती नसली तर मोठ्या ऑपरेशनचा धोका वाढतो. मात्र टावी झालेल्या रुग्णांत राखीव ताकद न दिसलेल्यांचंही पंपिंग सुधारल्याचं आढळलंय. तेव्हा या एका तपासणीवरून ‘आता काही होणार नाही’ असं कुणी म्हटलं, तर दुसरं मत जरूर घ्या.

७. पंपिंग ६५ टक्के आहे, झडपही नवी आहे. तरी जिना चढताना दम का लागतो?

पंपिंगचा आकडा फक्त रक्त बाहेर किती गेलं हे सांगतो. आत येताना किती त्रास झाला हे त्यात येत नाही. जाड आणि ताठ कप्पा आकुंचन उत्तम पावतो, पण सैल पडायला अडतो. जिना चढताना ठोके वाढतात, भरायला मिळणारा वेळ कमी होतो आणि दाब फुप्फुसांकडे परततो. हा ताठरपणा कोलॅजनच्या घड्याळावर चालतो (प्रश्न ३), म्हणून काहींना पहिलं दीड-दोन वर्षं ‘सगळं नॉर्मल आहे म्हणतात, पण मला दम लागतो’ अशी चमत्कारिक अवस्था भोगावी लागते. रुग्ण नाटक करत नसतो, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

या काळात मीठ सांभाळा. पापड, लोणचं, फरसाण आणि बाहेरची भाजी ही मिठाची मुख्य दारं. लघवीची गोळी असेल तर ती न चुकवणं आणि स्वतःहून न वाढवणं, दोन्ही महत्त्वाचं. ताठ कप्प्याला भरायला पुरेसं रक्त लागतं. पाणी फार कमी झालं की चक्कर, जास्त झालं की दम, आणि मधली पट्टी अरुंद असते. दम अचानक वाढला, नाडी अनियमित लागली, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचा ठोका विस्कटणं, झालंय का हे त्याच दिवशी ईसीजी काढून पाहा. वरच्या कप्प्याच्या ठोक्यावर अवलंबून असलेल्या अशा हृदयाला ते फार महागात पडतं.

८. एमआरआयमध्ये ‘फायब्रोसिस’ आलंय. ते जातं का?

फायब्रोसिस हा एक शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, घोळ तिथे होतो. पेशींच्या मध्ये सगळीकडे पसरलेलं जास्तीचं कोलॅजन हा पहिला प्रकार. झडप बदलल्यावर वर्षभरात तो मोजण्याइतका कमी होतो, हे लंडनच्या गटानं २०१८ मध्ये एमआरआयनं दाखवलं. दुसरा प्रकार म्हणजे पेशी मरून त्यांच्या जागी आलेला व्रण. एमआरआयत औषध टोचल्यावर तो पांढरा चमकतो. त्याच अभ्यासात हा व्रण जसाच्या तसा राहिला होता, आणि त्याआधी २००९ मध्ये जर्मन डॉक्टरांनाही नऊ महिन्यांनी तो हललेला दिसला नव्हता.

रिपोर्टमध्ये ‘लेट गॅडोलिनियम’ किंवा ‘मिडवॉल’ असे शब्द असतील तर दुसरा प्रकार. तो असला म्हणून ऑपरेशनचा उपयोग नाही, असा अर्थ काढू नका. उरलेला स्नायू सुधारतोच. फक्त पुढे ठोक्यांच्या तक्रारींवर आणि पंपिंगवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. जाता जाता, कृत्रिम झडप असली तरी एमआरआय करता येतो. झडपेचं कार्ड सोबत न्या.

९. व्रण जात नसेल तर त्रास सुरू व्हायच्या आधीच झडप का बदलत नाहीत?

हाच सध्या या क्षेत्रातला खरा वाद आहे. १९६८ पासूनचा नियम सोपा होता. छातीत दुखणं सुरू झालं की उरलेलं आयुष्य सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडायला लागलं की तीन, हार्ट फेल्युअर झालं की दोन, म्हणून लक्षण दिसताच बदला, तोवर थांबा. लक्षणं नसली तरी पंपिंग ५० च्या खाली गेलं की थांबायचं नाही, ही भर नंतर पडली.

२०२४ मध्ये दोन अभ्यास आले. अमेरिका-कॅनडातल्या, झडप तीव्र अरुंद पण लक्षणं नसलेल्या ९०१ रुग्णांत लगेच टावी केलेल्यांपैकी २६.८ टक्क्यांना मृत्यू, पक्षाघात किंवा अचानक हृदयासाठी भरती यांपैकी काहीतरी झालं. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ४५.३ टक्के होतं. फरकाचा मोठा वाटा भरतीचा होता. शिवाय वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे झडप बदलावीच लागली. दुसऱ्या अभ्यासात एमआरआयवर व्रण दिसलेले २२४ जण निवडले होते. त्यांच्यात लवकर बदलल्याचा ठळक फायदा सिद्ध झाला नाही. व्रण दिसेपर्यंत थांबणं म्हणजेच उशीर, असं माझं यावरून मत झालंय, पण ते मत आहे, नियम नाही.

‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना मी एकच विचारतो, मागच्या वर्षी बाजारात पायी जात होतात, यंदा जाता का? बरेचदा उत्तर नातू देतो.

१०. स्नायू सावरण्यासाठी छाती उघडून केलेलं ऑपरेशन चांगलं की टावी?

स्नायूला दाब कसा उतरला याच्याशी देणंघेणं नसतं, किती उतरला याच्याशी असतं. २००२ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी पहिली टावी केली, ती ऑपरेशन शक्यच नसलेल्या रुग्णावर. आता पुष्कळ ज्येष्ठांना तीच सुचवली जाते. दोन्हींत अडचणी वेगळ्या आहेत.

ऑपरेशनमध्ये पाहायचं ते झडपेचं माप. लहान चणीच्या बायकांत महाधमनीचं तोंड अरुंद असतं, त्यात छोटी झडप बसली तर शरीराच्या मानानं वाट पुन्हा अपुरीच राहते. शरीराच्या दर चौ. मीटरमागे ०.८५ चौ. सें.मी. पेक्षा कमी वाट मिळाली तर मध्यम, ०.६५ पेक्षा कमी तर तीव्र विजोड मानतात. जाडी मग पूर्ण उतरत नाही. अनुभवी सर्जन अशा वेळी तोंड रुंद करून मोठी झडप बसवतात. हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारायचा असतो, नंतर नाही.

टावीत वाट सहसा मोकळी मिळते. पण झडपेच्या कडेनं गळती राहू शकते, आणि हृदयातल्या वायरिंगला धक्का लागून डावी बंडल ब्रँच बंद पडू शकते. मग कप्प्याच्या दोन भिंती एका वेळी आकुंचन पावत नाहीत आणि पंपिंग हवं तसं सुधारत नाही. धातूची झडप की जनावराच्या ऊतीची, याचा स्नायूच्या सुधारणेशी फारसा संबंध नाही. तो निर्णय वय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरून होतो.

११. झडप बदलल्यावर बीपी वाढलंय. हे उलटंच नाही का?

नवल वाटेल, पण ही बऱ्याचदा चांगली खूण असते. आधी अरुंद झडपेमुळे बाहेर रक्तच कमी जात होतं, म्हणून धमन्यांचा कडकपणा झाकला गेला होता. आता प्रवाह मोकळा झाला आणि मूळचं बीपी उघडं पडलं. मात्र ते तसंच सोडू नये. झडपेचा अडथळा काढून बीपीचा ठेवला, तर स्नायूच्या दृष्टीनं काम अर्धंच झालं.

१२. माझी झडप चांगली आहे, वर्षानुवर्षं बीपीमुळे हृदय जाड झालंय. गोळ्यांनी उतरेल का?

उतरतं. सुधारणेचं तत्त्व तेच, वेग मात्र कमी, कारण गोळीनं दाब एका क्षणात आणि पूर्ण उतरत नाही. बऱ्याच चाचण्या एकत्र करून २००३ मध्ये केलेल्या विश्लेषणात स्नायूचं वजन सार्टन गटानं सरासरी १३ टक्के, कॅल्शियम चॅनेलच्या गोळ्यांनी ११, एसीई इनहिबिटरनं १०, लघवीच्या गोळ्यांनी ८ आणि बीटा ब्लॉकरनं ६ टक्के कमी झालं. त्याआधी २००२ मध्ये ईसीजीवर जाडी दिसणाऱ्या ९,१९३ रुग्णांवरच्या चाचणीत लोसार्टननं (सार्टन गट) अटेनोलॉलपेक्षा (बीटा ब्लॉकर) जाडी जास्त उतरली आणि पक्षाघातही कमी झाले. बीपी दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं.

तरी कोणती गोळी यापेक्षा रोज घेतली का, हे मोठं. ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली’ हे वाक्य ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. रात्री घोरण्यासोबत श्वास अडकत असेल तर तेही तपासा. रात्रभर चढणारं बीपी दिवसाच्या पट्ट्यावर दिसत नाही.

१३. झडप बदलल्यावर स्नायू लवकर सुधारावा म्हणून काही औषध आहे का?

फक्त जाडी उतरवायला म्हणून सिद्ध झालेलं खास औषध नाही. पंपिंग कमी असेल किंवा बीपी असेल तर त्यासाठीच्या गोळ्या हे काम करतच असतात. २०२५ मध्ये स्पेनमधल्या चाचणीत टावीनंतर डापाग्लिफ्लोझिन दिलेल्यांत वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बिघडणं १५ टक्क्यांना झालं, न दिलेल्यांत २०.१ टक्क्यांना. हे मूळचं मधुमेहाचं औषध. या चाचणीतले रुग्ण मुळात जास्त जोखमीचे होते, म्हणून सरसकट सगळ्यांनी मागू नये. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होणाऱ्यांनी तर विचारूनच.

१४. चालायचं किती? आषाढी वारीला जाता येईल का? एकादशीचं काय?

छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची बादली उचलणं, दुचाकी चालवणं बंद. चालणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. बोलता येईल इतक्याच वेगानं चाला, रोज थोडं वाढवा.

वारी हा मला आवडणारा प्रश्न आहे, कारण विचारणारा बरा होतोय. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, गर्दी, पाऊस आणि वेळी-अवेळी जेवण. ऑपरेशनचं वर्ष तरी पूर्ण वारी नको. वर्षाचा इको चांगला असेल, रोज पाच-सहा किलोमीटर दम न लागता होत असतील, तर डॉक्टरांना विचारून एक-दोन टप्पे करून पाहा. घाट गाडीनं चढलात तर विठोबा रागावत नाही.

एकादशी करा, निर्जळी करू नका. कारण प्रश्न ७ मध्ये दिलंय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेथी, पालक, शेपू वर्ज्य नाहीत, पण आज गड्डीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं करू नका. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, हिंदकळतो.

१५. झडप उत्तम बसली आणि तासाभरात बीपीच कोसळलं. असं कसं होतं?

कप्पा खूप जाड आणि आत अगदी लहान असेल तर असं घडू शकतं. इतकी वर्षं समोर अडथळा होता, तो एकदम नाहीसा झाला. ताकदवान स्नायू इतक्या जोरात आवळतो की झडपेखालची वाट स्वतःच बंद करतो. डॉक्टरांच्या बोलीत याला ‘सुसाइड एल.व्ही.’ म्हणतात. नाव भयंकर आहे, पण वेळेवर ओळखलं तर उपचार आहेत. गंमत अशी, की एरवी बीपी पडल्यावर हृदयाला जोर देणारी जी औषधं देतात, ती इथे घात करतात. इथे सलाइन द्यावं लागतं आणि ठोका शांत करावा लागतो. नातेवाइकांनी करण्यासारखं यात काही नाही. आयसीयूबाहेर डॉक्टर असं काही सांगत असतील तर समजावं, एवढ्यासाठीच हे उत्तर.

१६. दीड वर्ष झालं, झडप चांगली चालतेय, बीपी ताब्यात आहे, तरी जाडी तसूभर हलली नाही. आता?

आधी सोपी कारणं: माप चुकलंय का (प्रश्न ५), झडप शरीराच्या मानानं लहान आहे का (प्रश्न १०), घरचं बीपी खरंच ताब्यात आहे का. किडनीचा आजारही उताराला खीळ घालतो. हे सगळं निकालात निघालं, की जाडी फक्त दाबामुळे आलेली नव्हती असा संशय घ्यायचा.

उतारवयातल्यांत सर्वांत जास्त निसटणारं निदान म्हणजे अमायलॉइड. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडून स्नायूत साचतं. टावीला येणाऱ्या वृद्धांत पाहणी केली तेव्हा साधारण आठात एकाला ते सापडलं. खुणा शोधाल तर मिळतात: इकोत भिंती जाड पण ईसीजीच्या रेषा खुज्या, दोन्ही मनगटांच्या नसांचं पूर्वी झालेलं ऑपरेशन, दंडाचा स्नायू अचानक सुटून गोळा होणं. रक्ता-लघवीच्या तपासण्या आणि हाडांसाठी वापरतात तसला एक स्कॅन यांवर निदान होतं, आणि आता त्यावर औषधही आहे. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, भिंत एकाच बाजूनं जास्त जाड असेल, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचा, म्हणजे स्नायू मुळातच जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, विचार करावा. मग मुलांचाही इको करावा लागतो.

१७. मुलीची महाधमनी जन्मतः आवळलेली होती, ती दुरुस्त केली. तिचं हृदय पूर्ण नॉर्मल होईल का?

लहान वयात हृदय मोठ्यांपेक्षा खूप चांगलं सावरतं. व्रण पडायला वेळच मिळालेला नसतो. हे ऑपरेशन स्टॉकहोममध्ये १९४४ मध्ये क्लारेन्स क्राफोर्ड यांनी प्रथम केलं, त्यामुळे दुरुस्तीनंतरच्या दीर्घ आयुष्याचा अनुभव भरपूर आहे, आणि तो एक इशारा देतो. महाधमनी रुंद झाली तरी काहींचं बीपी पुढे वाढतंच. दरवर्षी बीपी पाहा, तेही उजव्या हातावर. डावा हात काही वेळा आवळलेल्या भागाच्या पलीकडे पडतो आणि खोटं समाधान देतो. या मुलांमध्ये दोन पाकळ्यांची झडपही बरीच आढळते, तीही तपासून घ्या.

१८. माझी झडप गळकी आहे, किंवा मायट्रल अरुंद आहे. हे सगळं मला लागू आहे का?

गळक्या झडपेला नाही. तिथे भार दाबाचा नसून वाढलेल्या रक्ताचा असतो. कप्पा जाड होण्यापेक्षा फुगतो, सावरण्याचे नियम वेगळे.

मायट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, अरुंद असेल, आणि आपल्याकडे संधिवाताच्या तापामुळे ती पुष्कळांना असते, तर डाव्या खालच्या कप्प्यावर दाबाचा भार येतच नाही. तो येतो फुप्फुसांवर आणि तिथून उजव्या कप्प्यावर. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये वापरलेल्या फुग्यानं झडप मोकळी केली, की फुप्फुसातला दाब काही अंशी लगेच आणि उरलेला महिन्यांत उतरतो. उजवा कप्पा मूळचा पातळ भिंतीचा, दाबाला लवकर हार मानणारा, पण दाब गेला की सावरतोही झपाट्यानं.

१९. इको किती वेळा करायचा, आणि वाट न पाहता कधी यायचं?

पहिला इको सहा आठवडे ते तीन महिन्यांत. पुढच्या सगळ्या तुलनेचा तो पाया, म्हणून जपून ठेवा. मग वर्षानं, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा. जाडी उतरतेय का हे बघायला दर महिन्याला करण्यात पैशाशिवाय काही उतरत नाही.

लगेच यायचं ते दम अचानक वाढला, चक्कर येऊन पडलात, पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो चढलं, किंवा धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज बदलल्यासारखा वाटला तर. आणि कृत्रिम झडप असताना थंडी वाजून ताप आला, तर गल्लीतल्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊ नका. आधी रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी), मग औषध. दोन गोळ्या जरी आधी पोटात गेल्या, तरी झडपेवरचा जंतू कल्चरमध्ये लपून राहतो.